आई होताना : शरीर बदलते, मनही बदलते

घरात पाळणा हलणार ही खबर आली की मिठाई वाटली जाते, दुआ मागितल्या जातात, नावे सुचवली जातात. सगळ्यांचे लक्ष येणाऱ्या बाळाकडे लागते. मात्र ज्या शरीरात ते बाळ वाढते, तिथे नऊ महिने काय चालले आहे हे पुष्कळदा खुद्द त्या मुलीलाही कोणी सांगितलेले नसते. काही त्रास सांगितला तर "सगळ्यांनाच होतं" या एका वाक्यात विषय संपतो. त्रास सगळ्यांनाच होतो हे खरे. पण त्यातले नेहमीचे काय आणि धोक्याचे काय, हे घराने जाणून घेतले पाहिजे. त्यावर एखादीचा जीव अवलंबून असतो.

पवित्र कुरआनात सूरह लुकमान (आयत १४) आणि सूरह अहकाफ (आयत १५) येथे आई-वडिलांशी चांगल्या वागणुकीची ताकीद करताना आईने गर्भारपणात सोसलेल्या कष्टांचा खास उल्लेख आला आहे. ज्या कष्टांची दखल तिथे घेतली गेली, त्यांना घरात किरकोळ समजणे बरे नव्हे.

पहिले तीन महिने

गर्भारपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे मोजतात. पहिल्या तीन महिन्यांत पोट दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटते की अजून फारसे काही झालेले नाही. प्रत्यक्षात याच काळात बाळाचे मुख्य अवयव घडतात आणि आईच्या शरीरात संप्रेरके (हार्मोन्स) झपाट्याने वाढतात. मळमळ, फोडणीचा वास नकोसा होणे, छाती दुखरी होणे, वारंवार लघवीला जावे लागणे, दिवसाही झोप येणे हे सारे त्यातूनच होते. तो आळस नव्हे. बहुतेकींचा हा त्रास चौथ्या महिन्यात ओसरतो. तोवर थोडे थोडे, पण वरचेवर खावे. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल आणि लघवी कमी होऊ लागली असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जावे.

मधले तीन महिने

आता जरा हुशारी वाटते. पहिलटकरणीला साधारण १८ ते २० आठवड्यांत बाळाची हालचाल जाणवू लागते. पोटावर मधोमध काळसर रेघ उमटते, काहींच्या चेहऱ्यावर वांग येतात. बाळंतपणानंतर हे बहुधा फिके होतात.

आतला मोठा बदल रक्ताचा असतो. गर्भारपणात रक्ताचे एकूण प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. पण त्यातील द्रव भाग जितका वाढतो तितक्या तांबड्या पेशी वाढत नाहीत, म्हणून हिमोग्लोबिन खाली येते. ते ११ ग्रॅमपेक्षा कमी झाले तर त्याला रक्तक्षय म्हणतात. अशा वेळी धाप लागते, चक्कर येते आणि बाळंतपणात थोडा जादा रक्तस्राव झाला तरी जिवावर बेतू शकते. यासाठीच लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. या गोळ्यांनी बाळ काळे होते हा निव्वळ गैरसमज आहे. शौचाचा रंग मात्र काळा होतो, त्याला घाबरू नये. गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

दोन जिवांसाठी दुप्पट खाण्याची गरज नसते. जेवणात डाळ, अंडी, मासे, हिरव्या भाज्या हव्यात. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान जरूर करावी. घराण्यात कोणाला मधुमेह असेल तर ती सुरुवातीलाही करून घ्यावी.

शेवटचे तीन महिने

वाढलेले गर्भाशय वर पोटावर आणि खाली मूत्राशयावर दाब देते. जळजळ, कंबरदुखी, पायांना सूज, अपुरी झोप हे नेहमीचे त्रास. वुजू टिकत नाही, सजद्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी सावकाश उठावे. उभे राहणे किंवा सजदा करणे कठीण झाले तर बसून नमाज अदा करण्याची सवलत शरीअतने दिलेली आहे. ती घेताना संकोच नको. झोपताना कुशीवर झोपावे, उताणे झोपणे टाळावे.

मनाचे काय?

कधी आनंद, कधी विनाकारण रडू, कधी बाळंतपणाची धास्ती. काहींना घरच्यांच्या "मुलगाच हवा" या बोलण्याचे ओझे होते. हे चढउतार स्वाभाविक आहेत. पण दोन आठवडे सतत उदास वाटणे, कशातच मन न लागणे, झोप आणि भूक उडणे, जगणे नकोसे वाटणे हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात सुमारे १० टक्के गर्भवतींना मानसिक आजार, प्रामुख्याने नैराश्य, गाठतो. त्यावर उपचार आहेत. शासनाच्या 'टेलीमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

काही घरांत अशा मुलीला "तुझा ईमान कमजोर आहे" असे सुनावले जाते. त्यांनी सूरह मरियम आठवावी. प्रसूतीच्या वेदनांनी व्याकूळ झालेल्या हजरत मरियम (अ.स.) यांनी, याआधीच मरण आले असते तर बरे झाले असते, असे उद्गार काढल्याचे तिथे आले आहे. त्यावर त्यांना दोष दिला गेला नाही. दुःख करू नये असा दिलासा मिळाला, पायाशी पाणी मिळाले आणि ताजी खजूर मिळाली. घाबरलेल्या आईशी कसे वागावे, याचा यापेक्षा मोठा धडा कोणता?

रमजान आणि गर्भारपण

रोजामुळे स्वतःला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असेल तर गर्भवतीला रोजा सोडण्याची आणि नंतर कजा करण्याची मुभा आहे. फिदयाबाबत हनफी आणि शाफई मसलकांत तपशिलाचा फरक आहे, तो आपल्या आलिमांना विचारावा. रक्तक्षय, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. "आम्ही तर सगळे रोजे ठेवले होते" असे सांगून सुनेला लाजवू नये.

या खुणा दिसताच दवाखाना गाठा

- अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, छातीखाली पोटात दुखणे (ही रक्तदाब वाढल्याची खूण असू शकते, १४०/९० किंवा अधिक दाब धोक्याचा)
- बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे
- झटके, ताप किंवा बसल्या जागी धाप

अशा वेळी शौहर कामावरून येईपर्यंत थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सोबत कोण जाईल, पैसे कुठे ठेवले आहेत, कोणाचा रक्तगट जुळतो, हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवावे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाअंतर्गत गर्भवतींची मोफत तपासणी होते. पुढच्या तपासणीला शौहरने सोबत जावे आणि डॉक्टर काय सांगतात ते स्वतः ऐकावे. घरी सासूबाईंनी पाण्याची घागर सुनेला उचलू देऊ नये आणि दुपारी तासभर तिला पडू द्यावे. आणि तिला रोज एकदा विचारावे, "आज कसं वाटतंय, बेटा?" मग तिचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.