इम्पार्शल आणि डिसइंटरेस्टेड

‘इम्पार्शल’, ‘डिसपॅशनेट’ आणि ‘डिसइंटरेस्टेड’ हे तीन इंग्रजी शब्द मराठीत आणताना आपण बहुधा एकाच ‘निःपक्षपाती’ शब्दात गुंडाळून टाकतो. इंग्रजीत मात्र तिघांची घरे निराळी आहेत. इम्पार्शल माणूस कोणाची बाजू घेत नाही. डिसपॅशनेट माणूस रागलोभाला वश होत नाही. आणि डिसइंटरेस्टेड माणसाचा त्या प्रकरणात हितसंबंध गुंतलेला नसतो. दोन लेकरांत लाडू सारखे वाटणारी आई इम्पार्शल खरी, पण तिला डिसपॅशनेट कोण म्हणेल?

तिसऱ्या शब्दाचे मर्म इंग्लंडातील एका खटल्यावरून चांगले उमगते. डाइम्स नावाच्या गृहस्थाचा ग्रँड जंक्शन कालवा कंपनीशी जमिनीवरून तंटा होता. लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी कंपनीच्या बाजूचा हुकूम कायम केला. पुढे उघडकीस आले की, त्यांच्यापाशी त्याच कंपनीचे काही हजार पौंडांचे भाग होते! १८५२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांचा हुकूम रद्द केला. मौज अशी की, कॉटनहॅम लोभाला बळी पडले असे तेथे कोणीही म्हटले नाही. खालच्या न्यायाधीशाचा निकाल गुणदोष पाहून कायम झाला आणि अखेर कंपनीच जिंकली. म्हणजे कॉटनहॅम इम्पार्शल असतीलही. ते डिसइंटरेस्टेड नव्हते. पहिला मनाचा गुण, तो बाहेरून कोण तपासणार? दुसरी गोष्ट भागधारकांच्या वहीत वाचता येते. म्हणूनच न्यायालय दुसरीवर अडून बसते.

हल्ली पुष्कळ इंग्रजही ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द ‘गोडी न वाटणारा’ या अर्थी वापरतात. त्यासाठी ‘अनइंटरेस्टेड’ आहे की! डिसइंटरेस्टेड न्यायाधीश आपल्याला हवा असतो. अनइंटरेस्टेड न्यायाधीश पुरावा चालू असताना पेंगतो. हा भेद पुसला गेला, तर कॉटनहॅम यांच्यावरचा नेमका आक्षेप एका शब्दात सांगायचा कसा?

शब्द असे घसरतात खरे. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात न्याय ‘इंडिफरंटली’ दिला जावा असे मागणे आहे. तेव्हा त्याचा अर्थ ‘पक्षपात न करता’ असा होता. आज तो ‘बेपर्वाईने’ असा वाटेल. आपल्या ‘उदासीन’ शब्दाचीही हीच गत झाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उदासीन म्हणजे इतरांच्या झगड्यापासून अलग असलेला बलाढ्य राजा. आज ‘नगरपालिका रस्त्यांविषयी उदासीन आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा तिचे बळ किंवा तटस्थपणा आपल्या मनात नसतो.