घरी सांगून

शिरवळच्या एसटी स्टँडवर सकाळी पुण्याच्या गाडीसाठी एक मुलगी उभी होती. पाठीला कॉलेजची सॅक, चेन अर्धवट लागलेली, आणि तिच्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेले उंच टाचांचे सँडल डोकावत होते. ओळखीच्या घरातली पोर. कुठं निघालीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "टायपिंगची परीक्षा आहे काकू." सँडल मी पाहिले होते, आणि मी पाहिले हे तिलाही कळलं होतं. मी पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुण्यातल्या एका ऑफिसात त्या दिवशी तिचे चार फोटो काढले गेले. चेहरा कॅमेऱ्याला छान दिसतो म्हणाले आणि ३५ हजारांच्या पोर्टफोलिओचा कागद पुढं सरकवला. साठवलेले ५ हजार तिनं तिथंच भरले. पंधरा दिवसांनी फोन आला, मोठ्या कंपनीनं तुला निवडलंय, नोंदणीचे १२ हजार पाठव. आईला सांगायची सोय नव्हती, कारण जाताना परीक्षेचं नाव सांगितलं होतं. कानातले मोडायचं तिच्या मनात आलं, तेव्हा ती माझ्याकडे आली.

तिचं ऐकताना एक गोष्ट लख्ख दिसली. त्या माणसाकडे ना कंपनी होती, ना काम. त्याचं सगळं भांडवल एवढंच होतं, की ही मुलगी घरी सांगणार नाही. ते भांडवल त्याला आपणच, म्हणजे आई-वडील, काका-काकू, शेजारपाजार मिळून पुरवतो. खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे सावित्रीबाईंचं गाव. दर ३ जानेवारीला आपण तिथं जमतो, मुलींची भाषणं ऐकून टाळ्या वाजवतो. शाळेत असताना या मुलीनंही तिथं भाषण केलं होतं. पण तीच मुलगी मॉडेलिंगचं नाव काढते तेव्हा आपले चेहरे कसे होतात, ते तिला पक्कं माहीत असतं.

खरं तर मराठी घरांना हे काम नवं नाही. सावळाराम हळदणकरांचं ते जलरंगातलं चित्र आठवा. हातात दिवा धरलेली, दुसऱ्या तळव्यानं ज्योत सांभाळणारी बाई. १९४५-४६ चं हे चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि त्यासाठी उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता. पुढं कोल्हापूरला राहिलेल्या गीता उपळेकर २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. चित्र काढणारा बाप होता म्हणून कुणी नाक मुरडलं नाही, पण तासन् तास एकाच पवित्र्यात उभं राहणं हे मॉडेलचंच काम. त्याआधी १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री.

नंतरची नावं बघताना मला त्यांच्या देखणेपणापेक्षा दुसरंच काही जाणवतं. मुंबईत वाढलेल्या गोवेकर घरातल्या रीटा फारिया १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झाल्या तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. वर्षभर तो मुकुट मिरवला, मग पुन्हा वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या आणि डॉक्टर म्हणून जगल्या. पनवेलच्या अदिती गोवित्रीकरही त्याच कॉलेजच्या. १९९६ मध्ये ग्लॅडरॅग्जची स्पर्धा आणि २००१ मध्ये मिसेस वर्ल्डचा किताब जिंकणाऱ्या या बाईही डॉक्टर. मिलिंद सोमण राष्ट्रीय विजेते जलतरणपटू. नागपूरच्या मधू सप्रे खेळाडू. १९९२ च्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत, देशाची सूत्रं हाती आली तर काय करशील या प्रश्नाला त्यांनी मैदानं बांधीन असं उत्तर दिलं आणि तिसऱ्या आल्या. मला ते उत्तर आजही आवडतं. उज्ज्वला राऊत तेवढी वेगळी. १७ व्या वर्षी, १९९६ मध्ये, फेमिनाची 'लुक ऑफ द इयर' झाली आणि थेट परदेशातल्या रॅम्पवर पोचली. पण अशी उज्ज्वला क्वचित. बाकीच्यांच्या हाताशी दुसरं काहीतरी होतं, म्हणून त्यांना नको त्या कामाला नाही म्हणता आलं. ज्याला नाही म्हणणं परवडतं, त्याला फसवणं अवघड जातं. बारावीनंतर शिक्षण सोडून मुंबई गाठायला निघालेल्या मुलांना मी हेच कळकळीनं सांगते.

मिलिंद आणि मधू यांच्या १९९५ मधल्या बुटांच्या जाहिरातीची गोष्टही मुलांना माहीत हवी. दोघं सज्ञान, राजीखुशीनं काढलेला फोटो, पण अश्लीलतेचा खटला उभा राहिला. निर्दोष सुटायला २००९ साल उजाडलं. एका दिवसाचा फोटो, १४ वर्षांची कोर्टाची पायरी. कसले फोटो काढायचे याची रेघ ज्यानं त्यानं आपली आखावी, पण ती स्टुडिओत दिवे लागल्यावर नव्हे, घरून निघण्याआधी आखावी.

आता व्यवहाराचं. या धंद्यात पैसा ग्राहकाकडून मॉडेलकडे येतो, मधला माणूस त्यातून आपलं कमिशन कापून घेतो. मॉडेलकडून आधी पैसे मागणाऱ्याचा धंदा वेगळाच असतो. मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरात रोज ऑडिशनसाठी रांगा लागतात, त्या रांगेत उभं राहायला पैसे पडत नाहीत. सुरुवातीला जाडजूड पोर्टफोलिओही लागत नाही. मेकअप न करता, साध्या कपड्यांत, खिडकीच्या उजेडात समोरून, बाजूनं आणि पूर्ण उंचीचे काढलेले फोटो पुरतात. ते भाऊसुद्धा मोबाइलवर काढू शकतो. न्यूयॉर्क राज्यात जून २०२५ पासून जो कायदा लागू झाला, त्यात मॉडेलकडून आगाऊ रक्कम घ्यायला एजन्सीला मनाई आहे. कमिशनला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि संगणकानं मॉडेलची हुबेहूब प्रतिमा बनवायची तर तिची वेगळी लेखी संमती लागते. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून कागद नीट वाचणं हेच आपलं हत्यार.

कागदात मानधनाइतकंच महत्त्वाचं असतं ते फोटोच्या वापराचं कलम. फोटो कुठं लागणार, किती दिवस लागणार, फक्त दुकानात की मोबाइलवरही? 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत' असे दोन-तीन शब्द घातले की दिवसाच्या मजुरीत चेहरा जन्मभरासाठी विकला जातो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पैसे मोजून आपण स्वतःचे फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्या फोटोंचे पहिले मालक आपण. त्या पुण्याच्या कागदात नेमका हा हक्क सोडून दिल्याचं एक बारीक टायपातलं वाक्य होतं. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं.

अठराच्या आतल्या मुलाच्या सहीचा करार कायद्यापुढे टिकत नाही. त्यामुळे पालकाची सही हवीच, आणि पालक जागेवरही हवा. जाहिरातीत किंवा मालिकेत लहान मूल घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांवर काम नाही, सलग ३ तासांवर नाही, आणि कमाईतला निदान २० टक्के वाटा मुलाच्या नावावर ठेव म्हणून टाकावा लागतो. वाई-मेणवलीत शूटिंगची सवय झालेल्या आपल्या भागातसुद्धा हे कुणी विचारत नाही. 'स्वदेस' मेणवलीला झाला तेव्हापासून खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्यावरून वाईला गर्दीत उभं राहायला जाणारी पोरं मी बघते आहे. त्यांना दिवसाची मजुरी कळते, हक्क कळत नाहीत.

सेटवर कुणी अंगचटीला आलं तर २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा रोजंदारीवरच्या मुलीलाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि ती तीन महिन्यांच्या आत करायची असते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करावा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

शरीराची हेळसांड मला सगळ्यांत जास्त बोचते. २००६ मध्ये आना कॅरोलिना रेस्टन ही ब्राझीलची २१ वर्षांची मॉडेल उपासमारीच्या आजारानं गेली. त्यानंतर काही देशांनी फार हडकुळ्या मॉडेलना रॅम्पवर येऊ द्यायचं नाही असे नियम केले. आपल्याकडे उपासापेक्षा रंगाचं वेड घातक. गोरं दिसायला मेडिकलमधून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडची मलमं मुली महिनोन् महिने चोळतात. कातडी पातळ होते, लालसर होते, केस उगवतात. सावळ्या कातडीवर कॅमेऱ्याचा उजेड किती सुंदर बसतो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

शिरवळच्या त्या मुलीचे ५ हजार गेले ते गेलेच. १२ हजार वाचले. आईला मात्र मी तिच्यासमोरच सगळं सांगितलं. आई रडली, दोन दिवस बोलली नाही, मग एक दिवस म्हणाली, "जायचंच असंल तर मी येते बरोबर."

दिवाळीच्या आधी साताऱ्याच्या एका साडीच्या दुकानाचं काम मिळालं. मीही गेले होते. एका दिवसात २२ साड्या. समोरून राणीसारखी दिसणारी पोर, मागं ब्लाउजला बारा-पंधरा क्लिपा लावलेल्या, पदराखाली साडी पिनांनी आवळलेली. आई डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. दर साडीला उठून पाठीमागच्या पिना टोचत नाहीत ना ते बघायची. संध्याकाळी मालकांनी कागद पुढं केला तेव्हा मुलीच्या आधी तिनंच तो हातात घेतला. अक्षराला अक्षर लावत वाचला आणि विचारलं, "दादा, ह्यो बोर्ड हायवेवर किती दिस राहणार?"

मालक म्हणाले, सहा महिने.

"मग तसं लिवा की."

त्यांनी खिशातलं पेन काढून लिहिलं, खाली सही केली. आईनं शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला, मग घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला.