गाडीचा नंबर कोणताही असो, उत्तर ६१७४च! देवळालीच्या शिक्षकाने शोधलेल्या संख्येचे गणित काय?

आलापल्लीच्या चौकातून अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचाकडे जाता येते. तिथे एसटीची वाट पाहत असाल, तर समोरून जाणाऱ्या एमएच ३३ किंवा शेजारच्या चंद्रपूरच्या एमएच ३४ गाडीचे शेवटचे चार अंक टिपून घ्या. चारही अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचाल.

कृती काय?

चार अंकांपासून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या तयार करा. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. समजा, अंक आहेत ४५२७.

७५४२ – २४५७ = ५०८५
८५५० – ०५५८ = ७९९२
९९७२ – २७९९ = ७१७३
७७३१ – १३७७ = ६३५४
६५४३ – ३४५६ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

पुढे ७६४१ – १४६७ केले, तरी पुन्हा ६१७४च. शून्य मात्र गाळू नका. २१११ घेतल्यास उत्तर ०९९९ येते. ते ९९९ धरले, तर पुढे हाती शून्यच उरते. प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो. जात नसेल, तर वजाबाकी चुकली समजा.

शोध कुणाचा?

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा. जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त झाले. पदव्युत्तर पदवी नव्हती, संशोधन संस्थेचे पाठबळही नव्हते. १९४६ मध्ये त्यांना ६१७४ चा हा गुण सापडला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात त्यांच्यावर लिहिले आणि हे नाव जगभर पोहोचले. आज ही संख्या ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

हे घडते का?

अंक उतरत्या क्रमाने लावा. पहिल्या-शेवटच्या अंकांतील फरकाला ९९९ ने, मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणा आणि बेरीज करा. वजाबाकीचे उत्तर तेच येते. ४५२७ साठी फरक ५ आणि १, म्हणून ४९९५ + ९० = ५०८५. पहिला फरक १ ते ९ मधला असतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या होतात फक्त ५४! म्हणजे ०००१ पासूनच्या, सारखे अंक नसलेल्या ९९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत येऊन बसतात.

सगळीकडे असेच होते का?

नाही. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. दोन अंकी संख्या ०९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात. पाच अंकांनाही असा एकच मुक्काम नाही.

म्हणूनच शंभर गाड्यांचे नंबर तपासून काही सिद्ध होत नाही. एकशे एकावा नंबर वेगळा निघू शकतो. पण ती ५४ उत्तरे तपासली, की एकही नंबर सुटत नाही. त्यासाठी रेंज लागत नाही, संगणक लागत नाही. भामरागडच्या आश्रमशाळेतला विद्यार्थीही वहीच्या दोन-चार पानांत ही सिद्धता स्वतः पूर्ण करू शकतो.