महाविद्यालय बदलण्याचा अर्ज आणि त्यातील निबंध

बदल म्हणजे नेमके काय

पदवीचे शिक्षण एका महाविद्यालयात सुरू करून दुसऱ्या महाविद्यालयात पुढे नेणे, म्हणजे महाविद्यालय बदलणे. 1962 साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे एका विद्यापीठाच्या कक्षेत आले. त्यामुळे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयातून सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात जाणे, हा दीर्घकाळ एकाच विद्यापीठातला बदल होता. 2021 मध्ये रयत शिक्षण संस्थेच्या साताऱ्यातील तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. आता तोच प्रवास विद्यापीठाची हद्द ओलांडतो. एकाच विद्यापीठात बदल असेल तर मुख्यतः ना हरकत प्रमाणपत्र आणि महाविद्यालय सोडल्याचा दाखला लागतो. विद्यापीठच बदलत असेल तर त्यात मायग्रेशन प्रमाणपत्राची आणि नव्या विद्यापीठाकडून पात्रता ठरवून घेण्याची भर पडते.

विनंती अर्ज आणि निबंध

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्राचार्यांच्या नावे एक पानी विनंती अर्ज दिला जातो. परदेशी विद्यापीठे स्वतंत्र निबंध मागतात. अमेरिकेतील ‘कॉमन ॲप’ या सामायिक प्रवेश-अर्जातील मुख्य निबंधाची कमाल मर्यादा 650 शब्दांची आहे. दोन्हींची लांबी आणि रिवाज वेगळे, पण वाचणाऱ्याचा प्रश्न एकच असतो: शिक्षण सुरू झालेले असताना जागा बदलण्याची गरज का पडली आणि नव्या जागी ती कशी भागेल? बारावीनंतरच्या पहिल्या प्रवेशात विद्यार्थ्याकडे केवळ अपेक्षा असतात. महाविद्यालय बदलताना त्याच्यापाशी एक-दोन वर्षांचा अनुभव असतो. निबंधाचे खरे भांडवल हा अनुभवच होय.

कारण कसे मांडावे

कारणे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार व्यावहारिक: पालकांची बदली, वसतिगृहाचा न झेपणारा खर्च, घरातील आजारपण, एसटीच्या रोजच्या प्रवासात जाणारे तास. अशा कारणांना सजावटीची गरज नसते. दोन वाक्यांत वस्तुस्थिती सांगावी आणि सोबत पुरावा जोडावा. वडिलांच्या बदलीचा आदेश जोडलेला असताना त्याच अर्जात ज्ञानाच्या तळमळीवर परिच्छेद लिहिला, तर खऱ्या कारणाचेच वजन कमी होते.

दुसरा प्रकार शैक्षणिक, आणि निबंधाची कसोटी लागते ती येथे. समजा, तासगावकडील द्राक्षबागायतदाराच्या घरातील एक विद्यार्थिनी वनस्पतिशास्त्र शिकते आहे आणि तिला सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळायचे आहे. ‘मला सूक्ष्मजीवशास्त्राची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य कोणत्याही अर्जात चालेल, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. याउलट, दुसऱ्या सत्रात तिने बागेतील भुरी या बुरशीजन्य रोगाने ग्रस्त पाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, एकच बुरशीनाशक वारंवार फवारल्यावर भुरी त्याला दाद का देईनाशी होते हा प्रश्न तिला पडला, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी लागणारा विषय सध्याच्या महाविद्यालयात मुख्य विषय म्हणून घेता येत नाही, असा क्रम लिहिला तर त्यात घर, वर्ग, प्रश्न आणि मागणी यांची साखळी जुळते. बदलाची गरज वाचणाऱ्याला त्या साखळीतूनच दिसते.

जुन्या महाविद्यालयाविषयीची तक्रार या साखळीत बसत नाही. शिक्षक चांगले नव्हते, वातावरण पोषक नव्हते अशी विधाने नव्या ठिकाणी पडताळता येत नाहीत आणि त्यांतून अर्जदाराच्या गरजेविषयी काहीच कळत नाही. ‘तेथे हा विषय उपलब्ध नाही’ हे मात्र पडताळता येते. उणीव सांगायचीच असेल तर ती अशी मोजता येणारी असावी.

गुणपत्रकाशी असलेला संबंध

निबंध सुटा वाचला जात नाही, त्याच्या शेजारी गुणपत्रक असते. गुणपत्रकातले आकडे निबंधात पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. मात्र जो आकडा प्रश्न निर्माण करतो त्याचे उत्तर निबंधात असलेच पाहिजे. एखाद्या विषयात एटीकेटी असेल तर ती लपत नाही. कारण काय होते, पुढे तो विषय कसा सोडवला, एवढे सांगितले की पुरे. कमवा आणि शिका योजनेत काम करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याने कामाचे स्वरूप आणि तास लिहावेत, कारण गुणपत्रकावर ते कोठेच दिसत नाहीत.

श्रेयांकांचे गणित

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तेथे जमा होतात, जास्तीत जास्त 7 वर्षे वापरता येतात आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता येतात. मात्र किमान 50 टक्के श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात. म्हणून आतापर्यंत कोणते विषय पूर्ण झाले आणि नव्या अभ्यासक्रमात ते कोठे बसतात, याचा निबंधातला नेमका उल्लेख उपयोगी पडतो. स्वायत्त महाविद्यालयांचे अभ्यासक्रम वेगळे असल्याने सारख्या नावाच्या विषयांचा आशयही ताडून पाहावा लागतो.

शिक्षणातील खंड

बरेच अर्जदार मधल्या रिकाम्या वर्षाला घाबरतात. या संदर्भात साताऱ्यातून सुरू झालेला एक शैक्षणिक प्रवास पाहण्यासारखा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा शाळाप्रवेश साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी झाला. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात शिकून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले.  बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना भारतात परतावे लागले, पण चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. 1920 मध्ये ते लंडनला परतले, 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. खंडाचे कारण स्पष्ट होते आणि परतीची वाट कागदोपत्री राखलेली होती. निबंधातही खंडाविषयी हेच दोन मुद्दे यावे लागतात: तो का पडला आणि त्या काळात अभ्यासाचा धागा कसा टिकवला.

भाषा

मराठी अर्जातील ‘महोदय’, ‘कृपावंत व्हावे’ ही चौकट जुनी आहे. मायन्यात ती शोभते, आशयात अडथळा आणते. इंग्रजी निबंधात तिचे शब्दशः रूपांतर केले तर मजकूर लाचार वाटतो. उसना मजकूर चटकन ओळखू येतो, कारण त्यात तासगाव नसते, भुरी नसते, विद्यार्थी नसतो. पहिला मसुदा मराठीत विचार करून लिहावा आणि विषयाच्या शिक्षकांना दाखवावा.

मर्यादा

निबंधामुळे जागा निर्माण होत नाही. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत बदल हा रिक्त जागा, गुण आणि शासकीय नियम यांवर ठरतो. तेथे शब्दांना फारसे स्थान नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर महाविद्यालयाच्या नावासह भरलेला असतो, तेव्हा बदलानंतर तिचे काय होईल याची चौकशी आधीच करणे श्रेयस्कर. आणि महाविद्यालय सोडल्याचा दाखला एकदा काढला की जुना प्रवेश संपतो. म्हणून नव्या महाविद्यालयाची लेखी संमती हाती आल्याशिवाय तो काढू नये.