घराचा विमा: नुकसान झाल्यावर पैसे कसे मिळवायचे?



वादळात पत्रे उडाले, घरात पाणी शिरलं, भिंत खचली, की आपण बाया सगळ्यात आधी काय करतो? झाडू हातात घेतो. चिखल काढतो, भिजलेलं धान्य उकिरड्यावर टाकतो, फुटकी कौलं बाजूला करतो. घर आवरायचं ते आवरायचंच. पण घराचा विमा असेल तर आवरण्याआधी दोन-चार कामं करावी लागतात. ती राहून गेली तर हक्काचा पैसा हातचा जातो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. संकट सांगून येत नाही, म्हणून ही माहिती आजच घेऊ या.

विमा आहे का, ते आधी बघा

बैठकांमध्ये आम्ही विचारतो, "घराचा विमा कुणाकुणाचा आहे?" हात फारसे वर येत नाहीत. पण घरासाठी बँकेचं कर्ज घेतलं असेल, तर पुष्कळदा त्याच वेळी घराचा विमा काढलेला असतो. हप्ता कर्जातून कापलेला असतो आणि कागद बँकेत पडून असतो. म्हणून कर्ज असलेल्या प्रत्येकीने बँकेत जाऊन विचारावं, पॉलिसीची प्रत मागून घ्यावी आणि मुदत कधी संपते ते बघावं. कर्ज बाकी असेल तर भरपाईवर बँकेचाही हक्क असू शकतो, तेही तिथेच विचारून घ्यावं.

१ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आली आहे. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणं यांनी झालेलं नुकसान तिच्यात धरतात. घराची रक्कम ठरवताना फक्त बांधकामाचा खर्च मोजतात, जागेची किंमत मोजत नाहीत. समजा, घर ५०० चौरस फूट आहे आणि बांधकामाला फुटाला १,५०० रुपये लागतात, तर विमा साडेसात लाखांचा होतो. घराबरोबर सामानाचाही विमा असेल, तर घराच्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे इथे दीड लाख रुपये, सामानासाठी धरले जातात. त्याची कमाल मर्यादा १० लाख आहे.

काय मिळत नाही?

रोख रक्कम आणि कागदपत्रं यांची भरपाई या पॉलिसीत नाही. गटाचे पैसे कुणाच्या पेटीत ठेवलेले असतील आणि पेटी वाहून गेली, तर विमा ते देणार नाही. म्हणून जमा झालेली बचत लगेच बँकेत भरा. दागिन्यांसाठी वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. साधी घरफोडी यात येत नाही. पूर किंवा आग यांसारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत त्याच कारणाने चोरी झाली, तर मात्र ती धरतात. पिठाची गिरणी, विक्रीचा माल, गाई-म्हशी यांचे विमे वेगळे असतात. जुनी भिंत हळूहळू झिजून पडली तर त्याचीही भरपाई नाही.

पॉलिसी काढताना भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, हे खरं तेच लिहून द्या. नाव कुणाचं आहे तेही बघा. घर सासऱ्यांच्या नावावर आणि ते वारलेले, असं असेल तर ग्रामपंचायतीत वारसनोंद करून घ्या आणि कंपनीलाही कळवा. नाहीतर ऐन वेळी दावा करायचा कुणी, हाच घोळ होतो.

नुकसान झालं, आता काय?

पहिलं, जीव सांभाळा. मेन स्विच बंद करा, खचलेल्या भिंतीपासून लांब राहा.

दुसरं, फोटो काढा. घर बाहेरून चारही बाजूंनी, मग एकेक खोली, मग एकेक वस्तू. भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढलं ती खूणही फोटोत येऊ द्या.

तिसरं, त्याच दिवशी कंपनीला कळवा. फोन केला तर तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. बँकेलाही सांगा.

चौथं, नुकसान वाढू देऊ नका. छपरावर ताडपत्री टाका, सुकं सामान उचलून ठेवा. त्याच्या खर्चाच्या पावत्या जपा. मोडलेल्या वस्तू मात्र सर्व्हेअर बघून जाईपर्यंत एका कोपऱ्यात राहू द्या.

पाचवं, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. त्याची प्रत सरकारी मदतीलाही लागते आणि विम्याच्या दाव्यालाही उपयोगी पडते. आग लागली असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरी असेल तर पोलिसांतली नोंद घ्या.

सहावं, दाव्याचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत भरून द्या आणि पोच घ्या.

सर्व्हेअर येतो तेव्हा

नुकसान मोजायला कंपनी सर्व्हेअर पाठवते. त्याची फी कंपनी देते, आपण एक रुपयाही द्यायचा नाही. घरात पुरुष माणूस नाही म्हणून त्याला परत पाठवू नका. तुम्ही स्वतः दाखवा, गटातली एखादी ताई सोबतीला घ्या. वस्तूंची यादी आणि गवंड्याकडून घेतलेला दुरुस्तीचा अंदाज त्याच्या हातात द्या. जे गेलं तेच सांगा. दोन पातेली गेली असताना दहा लिहिली, तर खोटेपणा धरून सगळाच दावा बुडू शकतो.

पावत्या पुरात गेल्या म्हणून घाबरू नका. कागद नाहीत एवढ्यावरून दावा फेटाळायचा नाही, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे.

पैसे कमी आले किंवा नाकारले तर?

रक्कम कशी काढली, हे लेखी मागा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. पटलं नाही तर "पूर्ण समाधानाने रक्कम स्वीकारली" अशा कागदावर घाईने सही किंवा अंगठा करू नका.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या. नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपल्याकडे मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. कंपनीच्या उत्तरानंतर वर्षभराच्या आत अर्ज करावा लागतो. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीने घराचे आणि सामानाचे फोटो काढून मोबाइलवरून गटातल्या दुसऱ्या ताईला पाठवून ठेवावेत. पॉलिसीचा क्रमांक आणि मुदत वहीत लिहावी. कर्ज असलेल्यांची यादी करून चार जणींनी मिळून बँकेत जावं. पाऊस सुरू व्हायच्या आत हे उरकून टाका. घर उभं करताना जेवढे कष्ट केले, त्यातला एक दिवस त्याच्या कागदांसाठीही द्या.