वीस फुटांपलीकडची मगर

ज्या प्राण्याचे सारे शरीर पाण्याखाली राहते आणि डोळे, नाकपुड्या व कपाळाची कड एवढाच भाग वर दिसतो, त्याच्या लांबीविषयी माणसांनी छातीठोकपणे जबान्या द्याव्यात आणि त्या जबान्या पुढे छापील ग्रंथांतून प्रमाण म्हणून वावराव्यात, हा प्राणिशास्त्राच्या दफ्तरातील एक मौजेचा प्रकार आहे. हा प्राणी म्हणजे खाऱ्या पाण्यातील मगर. ओडिशाच्या किनाऱ्यापासून सुंदरबन, अंदमान, बोर्निओ, फिलिपाइन्स व न्यू गिनी यांवरून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा मुलूख पसरलेला आहे, आणि सांप्रत हयात असलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांत देहाने तीच सर्वांत मोठी, याविषयी कोणाचा वाद नाही. वाद आहे तो ती किती मोठी होते एवढ्यापुरताच.

या वादातील सर्वांत भरघोस आकडा बंगालचा. १८४० च्या सुमारास तिकडे मारल्या गेलेल्या एका मगरीची लांबी ३३ फूट होती, अशी नोंद तिच्या कवटीबरोबर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दाखल झाली, आणि संग्रहालयाच्या नोंदीला आपोआपच जी प्रतिष्ठा असते तिच्या बळावर हा आकडा शंभराहून अधिक वर्षे ग्रंथोग्रंथी उतरत राहिला. नोंदीच्या शेजारीच कवटी ठेवलेली होती; परंतु तिला मापपट्टी लावण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. ज्यांनी घेतली त्यांना तेहतीस फुटांच्या जवळपास जाणारा आकडा तिच्यातून निघेना. हिशेब वीस फुटांच्या पलीकडे जाईना. मुद्देमालच साक्षीदाराला खोटे पाडतो असा खटला न्यायालयात क्वचितच उभा राहात असेल!

दुसरी हकिकत फिलिपाइन्समधील लुझोन बेटाची. पॉल द ला जिरोनिएर नावाचा फ्रेंच गृहस्थ तेथील लागुना दे बाय या विस्तीर्ण सरोवराच्या काठी हालाहाला येथे जमीनजुमला करून राहिला होता. १८२३ साली त्याने आणि त्याच्या माणसांनी तासन्‌तास झुंज देऊन एक मगर मारली. त्याने पुढे लिहिलेल्या आठवणींत तिची लांबी २७ फूट आणि छातीजवळचा घेर ११ फूट असा दिला आहे. हा गृहस्थ रंगून सांगणारा होता, हे त्याचे पुस्तक चाळणाऱ्याच्या सहज ध्यानात येते. तथापि त्याने, किंबहुना त्याच्या अमेरिकन स्नेह्याने, एक उपकार करून ठेवला. मगरीचे शिर जतन झाले आणि अखेरीस हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात पोहोचले. त्यावरून काढलेली लांबी २० फुटांच्या आसपास भरते. सात फूट गळाले खरे, पण वीस फुटांची मगर ही काही मामुली गोष्ट नव्हे.

तिसरी हकिकत मात्र अशी की तिच्यात तपासायला काही उरलेलेच नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये नॉर्मन नदीच्या काठी १९५७ साली क्रिस्टिना पाव्लोव्स्का या शिकारी स्त्रीने एक मगर गोळी घालून मारली आणि तिची लांबी २८ फूट ४ इंच भरली, असे सांगितले जाते. कवटी नाही, कातडे नाही, खात्रीचे छायाचित्र नाही. आज नॉर्मंटन गावात रस्त्याच्या कडेला त्या मगरीची पूर्णाकृती प्रतिकृती उभी आहे, आणि येणारेजाणारे तिच्या जबड्यापाशी उभे राहून छायाचित्रे काढून घेतात. मूळ प्राण्याचा पुरावा नसावा आणि प्रतिकृती मात्र इंचाइंचाने बिनचूक असावी, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

कवटीवरून लांबी काढण्याची रीत वरवर पाहता सोपी आहे. मगरीचे डोके तिच्या एकूण लांबीचा सातवा किंवा साडेसातवा हिस्सा असते असे गृहीत धरायचे आणि गुणाकार करायचा. या गुणाकाराने अनेक दंतकथांचा निकाल लागला, आणि गेल्या शतकातील संशोधक वीस फुटांच्या आकड्याकडेही संशयाने पाहू लागले. त्यांचा हा संशय थोडा अधिकच कडक होता, हे पुढे एका जिवंत मगरीने दाखवून दिले.

सप्टेंबर २०११ मध्ये फिलिपाइन्समधील मिंदानाओ बेटावर बुनावान गावानजीकच्या दलदलीत, कित्येक दिवस फासे लावून बसल्यावर, एक प्रचंड नर हाती लागला. त्याला काठावर ओढून घ्यायला शंभरेक माणसे लागली. ‘लोलोंग’ असे त्याचे नामकरण झाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्याचे रीतसर माप घेण्यात आले: लांबी ६.१७ मीटर, म्हणजे २० फूट ३ इंच. वजन १,०७५ किलो. जिवंत मगरीचे एवढे मोठे आणि एवढे खातरजमा केलेले माप त्यापूर्वी झालेले नव्हते. पण अभ्यासकांना विचारात पाडणारा आकडा निराळाच होता. लोलोंगचे डोके ७० सेंटिमीटर भरले. साडेसातच्या हिशेबाने त्याची लांबी सव्वापाच मीटर यायला हवी होती. प्रत्यक्षात ती त्याहून तीन फुटांनी जास्त निघाली. म्हणजे अतिवृद्ध, अतिविशाल नरांत डोके एकूण लांबीच्या नवव्या हिश्शापर्यंत उतरू शकते, आणि जुना गुणाकार त्यांच्या बाबतीत कमी माप देतो. पॅरिसच्या संग्रहालयात कंबोडियातील सिएम रीप येथून आलेली ७६ सेंटिमीटरची कवटी आहे. तिला लोलोंगचे प्रमाण लावले तर तो प्राणी २२ फुटांच्या घरात जातो. येणेप्रमाणे अफवा तेहतीसवरून खाली आणि शास्त्र सतरा-अठरावरून वर असे सरकत सरकत परस्परांच्या बरेच जवळ आले आहेत.

मग माणसाची नजर एवढी का फसते? माझ्या मते याचे उत्तर लांबीत नसून घेरात आहे. लांबी दीडपट झाली की वजन दीडपट होत नाही, ते तिपटीहून अधिक होते, कारण देह तिन्ही दिशांनी वाढतो. अठरा फुटांची मगर पंधरा फुटांच्या मगरीहून तीनच फूट लांब असते, परंतु वजनाने तिच्या पावणेदोन पट भरते. नावेत बसलेल्या माणसाला हे अवाढव्य धूड दिसते आणि त्याची कल्पना त्या धुडाला शोभेल एवढी शेपटी मागे जोडून देते. लोलोंगच्या वजनावरून हाच हिशेब उलट लावला तर बंगालची तेहतीस फुटांची मगर साडेचार टनांची आणि नॉर्मन नदीची सुमारे तीन टनांची ठरते. शिवाय माप घेण्याच्याही तऱ्हा असतात. दोन खुंट्यांमधले सरळ अंतर मोजणे निराळे आणि पाठीच्या वळणावरून दोरी फिरवणे निराळे.

बोर्निओतील सारावाकमध्ये बातांग लुपार नदीत वावरणाऱ्या ‘बुजांग सेनांग’ नावाच्या मगरीची दहशत अशीच वर्षानुवर्षे वाढत गेली होती. सिमालुंगुन नावाचा एक शूर योद्धा मारला गेला आणि सूड उगवण्यासाठी मगरीच्या रूपाने परतला, अशी इबान लोकांची समजूत. १९९२ च्या मे महिन्यात ती मगर मारली गेली तेव्हा लांबी भरली १९ फूट ३ इंच. आपल्याकडे गोव्यात फोंडा तालुक्यातील दुर्भाट येथे पौषी अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा होते, आणि खाजणाच्या खारट पाण्यात राहते म्हणून तिथल्या मगरीलाही कोणी कोणी ही समुद्रमगर समजतात. वास्तविक ती वाशिष्ठी-कृष्णेत आढळणाऱ्या साध्या मगरीचीच जात आहे.

जुन्या शिकाऱ्यांना सरसकट खोटे ठरवण्याआधी आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अशा मगरी आज का दिसत नाहीत, या प्रश्नाचे निम्मे उत्तर कातड्याच्या बाजारात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर रायफल, मोटारबोट आणि रात्रीचा विजेचा झोत यांच्या जोरावर जी कत्तल झाली तिने उत्तर ऑस्ट्रेलियातील मगरी जवळजवळ संपवल्या. तेथील नॉर्दर्न टेरिटरीत १९७१ साली संरक्षण मिळाले तेव्हा जेमतेम तीन हजार उरल्या होत्या. वीस फूट गाठायला नराला अर्धशतक किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मादी तर दहा-अकरा फुटांपुढे सहसा जातच नाही. संरक्षणानंतर संख्या लाखाच्या घरात गेली, पण म्हातारे नर कायदा करून निर्माण होत नाहीत. त्यांना वर्षेच लागतात.

भारतात ही वर्षे आता भरत आली आहेत. ओडिशातील भितरकनिका येथे राजकनिकाच्या राजघराण्याने एक कवटी जपून ठेवली आहे. १९२६ च्या सुमारास मारल्या गेलेल्या त्या मगरीची लांबी तज्ज्ञ २० ते २३ फूट धरतात. त्याच अरण्यातील एका हयात मगरीची २३ फूट ही लांबी २००६ साली गिनेसच्या विक्रमांत नोंदली गेली, परंतु तो नावेतून बांधलेला अंदाज होता, टेपने घेतलेले माप नव्हे. १९७५ साली तेथे संरक्षणाचे काम सुरू झाले तेव्हा शंभराच्या आतच मगरी शिल्लक होत्या. दांगमाळच्या केंद्रात अंडी उबवून पिल्ले खाडीत सोडण्यात आली, आणि अलीकडच्या शिरगणतींत हा आकडा अठराशेच्या आसपास पोहोचला आहे. त्या पहिल्या तुकड्यांतील जे नर वाचले असतील ते आता पन्नाशीला टेकत आहेत. शिरगणतीच्या तक्त्यात वीस फुटांवरच्या मगरींचा रकाना आजही नजरेच्या अंदाजानेच भरला जातो. त्यांपैकी एखादा नर नैसर्गिक मृत्यूने जाईल तेव्हा वनखात्याने पंचनाम्यात डोक्याची आणि देहाची अशी दोन्ही मापे सरळ रेषेत घेऊन लिहावीत. पॅरिसच्या आणि राजकनिकाच्या कवट्यांचा हिशेब त्यावरून नव्याने मांडता येईल.