साखळी तोडा, घास पचवा

भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतलं अमायलेज पिठूळ पदार्थाच्या लांब साखळ्या तोडू लागतं. पचनाची उजळणी हेच खेळून करावी. कागदी कड्यांची साखळी म्हणजे घास. ‘तोंड’ झालेली मुलं ती दोन-तीन ठिकाणी तोडतात. ‘जठरा’तल्यांनी मात्र हाताची घडी घालायची! आम्लामुळे अमायलेज निकामी होतं. तिथे तुटतात ती प्रथिनं. मुलं नेमकी इथेच चुकतात, आणि चुकलेलं पक्कं लक्षात राहतं. पुढे सुमारे ६ मीटर दोरी, म्हणजे लहान आतडं. ‘स्वादुपिंड’ आणखी तुकडे करतं, आतड्याच्या भिंतीवरची मुलं कडी-कडी सुटी करतात. सुट्या कडीलाच ‘रक्ता’त प्रवेश. स्टेपल मारलेल्या कड्या म्हणजे तंतू. त्या न तुटता मोठ्या आतड्यात जातात.